चंद्रामागचा फिडलवाला

श्रीपतराव, फाटकावर तुमच्या जागी नवा माणूस आलाय आणि त्याला झेंडा गुंडाळता येत नाही. परवा पुण्याची गाडी गेल्यावर तो हिरवा झेंडा काखेत कोंबून विडी पेटवायला लागला, तेव्हा माझं टाळकंच सरकलं. "अहो, झेंडा काठीला गुंडाळून ठेवतात," मी म्हटलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हंजी त्या मास्तरीणबाई तुमीच व्हय! श्रीपतभाऊ सांगायचे, एक बाई रोज भांडून जात्यात, त्येंचं मनावर घिऊ नको म्हनून." बघा म्हणजे! माझ्यामागे माझी अशी कीर्ती करून ठेवलीत आणि आता जाब विचारायला माणूस जाग्यावर नाही.

मी भांडायचे ते उगाच नव्हे. अकरा वर्षं मी तुम्हाला एकच विचारत होते आणि अकरा वर्षं तुम्ही फाटक उघडून म्हणत होता, "जावा बाई, साळंची घंटा हुईल."

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. उद्या रविवारी लोणावळ्याच्या आपल्या नाट्यमंडळाने शोकसभा ठेवली आहे, त्याच पत्र्याच्या नाट्यगृहात. अध्यक्ष माझा थोरला भाऊ, आपला दादा. त्याने भाषण लिहिलंय. परवा संध्याकाळी मी पोरींच्या गणिताच्या वह्या तपासत बसले होते, तेव्हा त्याने ते मला वाचून दाखवलं. त्यात वाक्य आहे : "श्रीपतीचा हात मोठा होता, एका दुपारी त्याचं मन लहान झालं, पण गेलेल्या माणसाला आपण क्षमा केली पाहिजे." क्षमा! कुठल्याशा पोरीच्या बरोबर आलेल्या गणितावर मी लाल शाईने फुली मारून बसले.

त्या दुपारी तुम्ही काही केलं नव्हतं. जे केलं ते मी केलं होतं. हे उद्या सभेत कुणीतरी सांगायला हवं, आणि ते सांगू शकणारी माझ्याखेरीज दुसरी व्यक्ती आता नाही. परवापासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. वहिनी म्हणते, वन्सं, तुम्हाला काय झालंय, एके जागी बसा की. कशी बसू?

सभेला येणाऱ्या निम्म्या लोकांनी तो खेळ पाहिलेला नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे. पण तुम्हाला ऐकून घ्यायची सवय होती, तेव्हा ऐका.

नाटक दादाने लिहिलं होतं : 'संगीत तंतुमोहिनी'. एका संस्थानात देशोदेशी नावाजलेला फिडलवादक येतो, त्याचं नाव इंदुशेखर. महालाच्या जाळीआडून राजकन्या त्याचं वादन ऐकते आणि चेहरा बघायच्या आधीच त्याच्यावर भाळते. राजा म्हणतो, माझी मुलगी हवी असेल तर हे दाढीखाली धरायचं लाकूड सोड. शेवटच्या अंकात इंदुशेखर भर दरबारात गज गुडघ्यावर मोडतो आणि राजकन्येचा हात धरतो. मग भरतवाक्य, मग पडदा. एकवीस पदं. प्रेक्षकांतल्या बाया डोळ्याला पदर लावायच्या.

इंदुशेखर अर्थात दादा. दिसायला राजबिंडा, पल्लेदार आवाज, शब्द असे स्वच्छ की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जावेत. फक्त फिडल वाजवता येत नव्हतं. ते पंचक्रोशीत एकालाच येत होतं, आणि तो उर्शाचा एक शेतकरी, रेल्वेत फाटक उघडझाप करणारा.

तुम्हाला ते कसं आलं, हे मला तुम्हीच एकदा सांगितलं होतं. विशीत असताना भुशीच्या तलावावर रेल्वेच्या पाण्याची राखण करायला तुम्हाला ठेवलं होतं. बंगल्यांवरच्या साहेबांच्या मुलांना शिकवणारा एक गोव्याचा मास्तर रविवारी तिथे येऊन वाजवत बसायचा, कारण त्याच्या घरमालकाला आवाजाचा त्रास व्हायचा. "म्या त्येला हटकाय गेलतो बाई," तुम्ही म्हणालात, "हितं बसायचं न्हाई म्हनून. आन मंग मीच बसलो." चार वर्षं दर रविवारी तुम्ही त्याच्याजवळ बसलात. तो गोव्याला परत गेला तेव्हा त्याचं जुनं फिडल तुमच्याकडे राहिलं.

नाटकाची निवड झाली तो दिवस मला आठवतो, आणि आठवला की लाज वाटते. मंडळातल्या कुणीतरी म्हटलं, श्रीपतीच वाजवतो तर त्यालाच इंदुशेखर करा. दादाने तुमच्या हातात वही दिली. तुम्ही वाचलंत, "राजकन्ये, ह्या च्यार तारांमंदी माजं समदं काळीज हाय." सगळे खो खो हसले. तुम्हीही हसलात. मी सगळ्यांत मोठ्याने हसले, श्रीपतराव. मुलींना शुद्ध बोलायला शिकवणारी बाई ना मी! हसणं थांबलं तेव्हा ठरलं होतं की दादा पुढे उभा राहणार आणि तुम्ही बागेच्या पडद्यामागे बसून वाजवणार.

त्या पडद्यावर चंद्र रंगवला होता. तुम्हाला दादाचं कोपर दिसावं म्हणून त्या चंद्रात बोटभर भोक पाडलं. तुम्ही एक डोळा त्या भोकाला लावून बसायचात, दादाचा गज वर गेला की तुमचा वर, खाली आला की खाली. तालमीत दादा चुकीकडे गज न्यायचा आणि तुम्ही मागून पुटपुटायचात, "आता ह्येच्या कोपराला कोन सांगंल!"

दादाच्या फिडलमधून चुकूनही आवाज निघू नये म्हणून आणखी एक युक्ती होती, तीही तुमचीच. गजाच्या केसांना राळ घासली तरच ते तारेला धरतात आणि सूर निघतो. साबण घासला तर गज तारेवरून नुसता सरकतो, हूं की चूं नाही. तेव्हा तुमच्या गजाला राळ आणि दादाच्या गजाला साबण. खेळाआधी साबण लावायचं काम माझ्याकडे, कारण सामानाची पेटी माझ्या ताब्यात. बाईमाणसाने रंगपटात वावरायला तेवढंच निमित्त मला मिळालं होतं. केस मात्र तुम्ही बसवायचात. स्टेशनवरच्या टांगेवाल्याच्या पांढऱ्या घोड्याची शेपूट कापायला तुम्ही जायचात, तेव्हा तो टांगेवाला ओरडायचा, "श्रीपतभाऊ, नाटक तुमचं आन बोडका माजा घोडा!"

साबण घासता घासता आपण बोलायचो. दुसरं कधी बोलणार? तुम्ही राळेचा खडा फिरवायचात, मी साबणाची वडी. आणि आपलं भांडण ठरलेलं, नाटकाच्या शेवटावरून.

"वाजवनारा गज मोडनार न्हाई, बाई. ह्ये दादासायबांनी खोटं लिवलंय."

"का नाही मोडणार? एवढी राजकन्या सगळं सोडून यायला निघालीय!"

"मंग तिनंच म्हनावं की, तू वाजीव, मी हितं बसून ऐकत्ये. मिटलं."

"आणि लग्न?"

"लग्नाचं तुमी बगा," तुम्ही म्हणायचात, "म्या फकस्त गजाचं बोलतोय."

मी म्हणायचे, माणसापेक्षा लाकूड मोठं मानणारा तुमचा इंदुशेखर दगड आहे दगड. तुम्ही हसून गजावर फुंकर मारायचात. राळेची पांढरी भुकटी उडून माझ्या पदरावर बसायची. घरी गेल्यावर मी तो पदर लगेच झटकत नसे. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. 

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. वडील लवकर गेले, दादाने मला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात घातलं, नोकरीला लावलं, आणि यात लग्नाचं वय उलटून गेलं. तुम्ही घरसंसाराचे, तीन लेकरांचे बाप. आपल्यात काय होतं? काही नव्हतं. बोटाला बोट लागलं नाही कधी. पण मी राजकन्येसारखी जाळीआडून ऐकत नव्हते. मी पडद्याच्या तुमच्या बाजूला उभी असायचे आणि गावात मला एकटीलाच खरा इंदुशेखर दिसत होता. त्याच्या पायात फाटकी चप्पल होती आणि डोळा चंद्राला लावलेला होता.

मग त्या उन्हाळ्यात हवापालट करायला मुंबईच्या एका नाटक कंपनीचे मालक बंगल्यावर उतरले. त्यांनी एक खेळ पाहिला आणि दादाला विचारलं, "फिडल तुम्ही स्वतः वाजवता?" दादा हसला. खोटं बोलला नाही, खरंही बोलला नाही. मालक म्हणाले, "असा वाजवणारा नट मी कधीचा शोधतोय. पुढच्या रविवारी दुपारच्या खेळाला पुन्हा येतो, मग बोलू."

घरी मी दादाला विचारलं, "मुंबईला तुझ्या मागे वाजवणार कोण?"

"श्रीपतीला घेऊन जाऊ की. त्याचं काय!"

त्याचं काय! म्हणजे तुम्ही आयुष्यभर चंद्रामागे बसायचं, हे दादाने जेवता जेवता ठरवून टाकलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादा दुष्ट नव्हता हो. त्याला खरंच वाटत होतं की तो तुमचं कल्याण करतोय.

त्या रविवारी तुम्ही नव्या केसांचा गज आणून माझ्या हातात दिलात. "कालच बशिवलेत. साबन नीट घासा बाई, नवे केस हायती." आणि पिवळ्या कागदातली साबणाची नवी वडी पेटीत ठेवून तुम्ही फिडल लावायला गेलात. तुमचा राळेचा खडा तिथेच होता.

मी वडी उघडलीच नाही. मी राळेचा खडा घेतला आणि दादाच्या गजाला वरपासून खालपर्यंत घासला. चांगली तीनदा. मला वाटलं, दादाचं फिडल किंचाळेल, लोकांना कळेल की वाजवणारा दुसराच आहे, मालक म्हणतील त्याला पुढे आणा, आणि तुम्ही पुढे याल. इतकं सोपं वाटलं मला! पोरीबाळी बाहुलीचं लग्न लावतात तितकं सोपं.

दुसऱ्या अंकात बागेचा प्रवेश. दादाने गज टेकवला आणि असा काही आवाज निघाला की पुढच्या रांगेतल्या बाईच्या मांडीवरचं मूल दचकून रडायला लागलं. दादाने चटका बसल्यासारखा गज उचलला. पण तुमचा डोळा तेव्हा भोकाला नव्हता. सुरांच्या त्या जागेवर तुम्ही नेहमी डोळे मिटायचात, मला ठाऊक होतं. तुम्ही वाजवतच राहिलात. दादा गज हवेत धरून उभा, आणि सूर चालूच.

"आरं, चंद्र वाजवतोय!" मागून कुणीतरी ओरडलं.

सगळं थिएटर हसून गडबडा लोळलं. पण एक सांगते, तुम्ही ते पाहिलं नाहीत. हसणं लगेच थांबलं, कारण तुम्ही वाजवत होता. दादाचं कोपर बघायचं नसल्यामुळे असेल, पण तेवढं मोकळं तुम्ही आधी कधी वाजवलं नव्हतं. मग टाळ्या. "चंद्रामागचा बाहेर काढा!" मालक खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "त्या माणसाला पुढे आणा." मी विंगेत उभी होते आणि माझा आनंद गगनात मावेना. जिंकले की मी!

आणि तुम्ही हात थांबवलात. फिडल खाली ठेवलंत. पुढे आला नाहीत. पडदा पाडावा लागला.

सगळे रंगपटात आले. दादाने तो गज नाकाशी नेऊन हुंगला. "राळ आहे ही. कुणी लावली?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण साबण लावायचं काम माझं. माझ्या पदरावर भुकटी होती. मी म्हणणार होते. शप्पथ सांगते, श्रीपतराव, तोंड उघडलं होतं मी.

पण "मी लावली" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न तयारच होता : का? सख्ख्या भावाला भर खेळात उघडं पाडायचं, तेही फाटकावरच्या एका लग्न झालेल्या माणसासाठी, ते का? शाळा कमिटीतली दोन माणसं तिथे उभी होती. तो प्रश्न मला दिसला आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

तुम्ही खाली बघितलंत. माझ्या पदराकडे की नुसतंच जमिनीकडे, हे मला अकरा वर्षं उमगलं नाही. मग म्हणालात, "बाईंनी साबन लावला हुता. म्या फुसला आन राळ घासली."

"तू? का रे?"

"मागं बसून कटाळलो हुतो, दादासायेब."

कारणसुद्धा पुरवलंत तुम्ही! आणि ते कारण इतकं खरं वाटण्यासारखं होतं की कुणी दुसरं काही विचारलंच नाही.

मालक आत आले होते. त्यांनी ते ऐकलं. तुमच्याकडे बघून म्हणाले, "हात सोन्याचा आहे तुझा. पण जो आपल्याच माणसाला भर रंगात उघडा पाडतो, तो उद्या माझी कंपनी बुडवील." आणि गेले. ज्या दारातून तुम्ही पुढे जावं म्हणून मी हा उद्योग केला, ते दार माझ्याच हाताने बंद झालं. तुम्ही सामानाची थोडी आवराआवर केलीत, फिडल काखेला मारलंत आणि मागच्या दाराने ड्यूटीवर गेलात. मंडळात पुन्हा पाऊल टाकलं नाहीत.

त्यानंतर मी काय केलं? काही नाही. रोज शाळेला जाताना फाटकावर थांबले. दोनदा चिठ्ठी लिहिली. एक फाडली, एक छत्रीत घातली ती पावसात भिजून लगदा झाली. एकदा धीर करून म्हटलं, "श्रीपतराव, त्या दिवशी..." तर तुम्ही म्हणालात, "मालगाडी हाय, बाई, जरा मागं सरा." त्या मालगाडीला डबे तरी किती होते! तो शेवटचा डबा जाईस्तोवर माझा धीर गेला होता. मग मी सोपा प्रश्न धरला : पुढे का नाही आलात? तो मी रागाने विचारत राहिले. अपराध माझा आणि राग तुमच्यावर, काय म्हणावं याला!

कधी कधी चौकीतून फिडल ऐकू यायचं. दोन गाड्यांच्या मधे, दार लोटून. मी जवळ आले की थांबायचं. गावात म्हणायचे, जळका माणूस, पण वाजवतो मात्र झकास. जळका! हा शब्द ऐकून मी पुढे चालत राहिले, श्रीपतराव. एकदा नव्हे, अनेकदा.

आणि मग त्या सोमवारी फाटकावर हा झेंडा कोंबणारा. म्हणाला, तापाने गेले, तीन दिवसांत. रूळ ओलांडून मी शाळेत गेले, पाढे घेतले, सगळा दिवस शिकवलं. कुणापुढे रडायचं आणि कोण म्हणून?

काल शाळा सुटल्यावर नव्हे, शाळा बुडवून उर्शाला गेले. तळेगावला उतरले, बैलगाडी केली. तुमच्या पारूबाई ओसरीवर बसल्या होत्या. मला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "बाई का? या. तुमचं ठेवनं हाय आमच्याकडं." आत जाऊन फिडलची पेटी घेऊन आल्या. पेटीच्या कोपऱ्यात, राळेच्या खड्याशेजारी, पिवळ्या कागदातली साबणाची वडी. कागद विटलेला, पण फोडलेला नाही.

"लढाईपायी साबन मिळंना झाला," पारूबाई म्हणाल्या, "आमची चिमी आंगुळीला मागायची. तर म्हनायचे, त्यो बाईंचा हाय, हात लावायचा न्हाई. मी इचारलं न्हाई कवा. इचारून काय सांगनार व्हते थोडेच!"

मी ओसरीवरच बसले. 

बंद वडी सामानाच्या पेटीत तशीच सापडली असती तर तुमचं बोलणं खोटं पडलं असतं. बाईंनी साबण लावला होता म्हणालात ना तुम्ही? न उघडलेल्या वडीने कसा लावणार? ती वडी दिसली असती की सगळे पुन्हा माझ्याकडेच वळले असते. म्हणजे आवराआवर करताना तुम्ही ती उचललीत. म्हणजे तुम्ही माझ्या पदराकडेच बघितलं होतं. आणि 'का' हा प्रश्न माझ्यासारखाच तुम्हालाही दिसला होता, म्हणून तुम्ही आडवे उभे राहिलात. मग त्याचं उत्तरही तुम्हाला कळलं असणार. कळलं होतं ना? रोज सकाळी माझ्याकडे बघून झेंडा गुंडाळताना ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि एकदाही, एका शब्दानेही तुम्ही मला संकोचात टाकलं नाही. अहो, काय माणूस तुम्ही!

पारूबाईंसमोर मी रडले, मग मला शरम वाटली आणि मी त्यांना सगळं सांगितलं. पदरासकट. त्या ऐकत होत्या, चिमीच्या केसात बोटं फिरवत. मग म्हणाल्या, "खरं सांगू का बाई, ते वाजवाय लागले की मला झोप यायची. लय वाईट वाटायचं मला. कुनीतरी जागं राहून ऐकलं, ब्येस झालं." इतक्या मोठ्या मनाने मला कुणी कधी बोललं नव्हतं. फिडल मी घेतलं नाही. ते त्यांच्या घरचं आहे. वडी तेवढी घेतली.

गाडीत बसल्यावर तुमच्याशी भांडायला लागले, सवयीने. आणि भांडता भांडता लक्षात आलं, अकरा वर्षं मी चुकीचा प्रश्न विचारत होते. पुढे का आला नाहीत, असं मी विचारायचे. पण तुम्हाला पुढे यायचं होतं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. दादाने तुम्हाला न विचारता मागे बसवलं, मी तुम्हाला न विचारता पुढे ढकलायला निघाले. भावंडं शोभतो आम्ही! तुम्ही तर सांगून ठेवलं होतं, राजकन्येने काय म्हणावं ते. तू वाजव, मी इथे बसून ऐकते. एवढंच. ते मला जमलं नाही, श्रीपतराव. नाटकाचा शेवट तुमचाच बरोबर होता. घ्या, हरले मी. आता तरी हसा.

आज सकाळी दादा भाषणाची उजळणी करत होता. मी वडी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "दादा, राळ मी लावली होती."

त्याने वडी उलटीपालटी करून पाहिली. बराच वेळ लागला त्याला. मग चष्मा काढला आणि ज्या प्रश्नाला मी अकरा वर्षं भ्यायले, तो विचारला. "का गं?"

मी म्हटलं, "मला तो माणूस आवडत होता, दादा. त्याला कुणीतरी बघावं असं मला वाटत होतं."

आभाळ कोसळलं नाही. वहिनी दारात आली आणि उभी राहिली. दादा म्हणाला, "मी त्याला अकरा वर्षं ओळख दिली नाही. फाटकावर टांगा थांबला की मी मान फिरवून बसायचो." मग त्याचा आवाज चढला. "आणि तू हे भर सभेत सांगणार? शाळा कमिटी समोर बसलेली असेल. त्यांनीही हेच विचारलं तर?"

"हेच उत्तर देईन."

"नोकरी जाईल."

"गेली तर गेली."

 त्याने भाषणाचा कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. जाताना म्हणाला, "उद्या तूच बोल. मी मागे बसतो." राग आहे त्याचा, दोन दिवस बोलणार नाही. पण मागे बसतो म्हणाला.

तेव्हा हे सगळं मी उद्या वाचणार आहे, एक ओळ न गाळता. नव्या फाटकवाल्यालाही बोलावलंय. पारूबाई मुलांना घेऊन सकाळच्या गाडीने येणार आहेत, त्यांना मी पुढच्या रांगेत बसवणार आहे.

दादा म्हणाला, वडी सभेत दाखव, पुरावा म्हणून. मी नाही म्हटलं. दुपारीच ती मी आगगाडीने तळेगावला परतणाऱ्या कालच्या बैलगाडीवाल्याबरोबर उर्शाला पाठवून दिली. चिमीला निरोप दिलाय, उद्या सभेला येताना त्याच साबणाने आंघोळ करून ये.